मार्शमेलो बार रात्री मऊ आणि सकाळी दगड होतात, तेव्हा पाणी कुठे गेलं ते बघायचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण सुरुवातीला माझंही अगदी हेच व्हायचं. तुम्ही लिहिलंय की मुलीच्या वाढदिवसाला शाळेत वाटायला मार्शमेलो आणि राइस क्रिस्पीचे (तांदळाच्या फुगवलेल्या कुरकुरीत दाण्यांचे) बार घरी केले, रात्री एक तुकडा खाऊन बघितला तर मस्त मऊ होता, मुंग्या लागायला नकोत म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी त्यात सुरी जाईना. आता येत्या शनिवारी घरी पार्टी आहे, २५ मुलं आहेत आणि परत तेच करायचेत. मी पार्ल्याला घरून बेकिंगच्या ऑर्डर घेते, १२ वर्षं झाली, आणि या बारच्या ऑर्डरी डिसेंबरात तर रोजच असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रिज. तुमचे बार तिथे बिघडले हे खरंय, पण माझा अंदाज आहे की निम्मे ते गॅसवरच बिघडले होते. रात्री गरम असताना ते कळत नाही. कोमट असताना कडक पाकाचा लाडूसुद्धा मऊच लागतो की, तो गार झाला की खरं काय ते कळतं.

आणि मी लाडवाचं मुद्दाम म्हणतेय, कारण हा पदार्थ परदेशी दिसला तरी आहे आपल्या कुरमुऱ्याच्या लाडवाचा भाऊ. तिकडे गुळाचा पाक, इकडे मार्शमेलोचा. मार्शमेलो म्हणजे काय, तर साखर, ग्लुकोज सिरप, जिलेटिन, थोडं पाणी आणि भरपूर हवा. म्हणजे तो आधीच तयार झालेला पाक आहे, कारखान्यात बरोब्बर त्या पॉइंटला आणून थांबवलेला, आणि आपलं काम तो फक्त विरघळवायचं आहे, परत शिजवायचं नाही. पाण्याचा जो थोडा अंश त्यात ठेवलेला असतो तोच मऊपणा. तो उडाला की पाक पुढे गेला. साखरेचा पाक साधारण ११२ ते ११६ अंशांना गोळीबंद होतो आणि १४६ च्या पुढे गेला की थंड झाल्यावर काचेसारखा तडकतो, मधला सगळा प्रवास पाणी कमी होण्याचाच आहे. मार्शमेलो मात्र याच्या कितीतरी खाली, हातात धरलात तरी चिकट व्हायला लागतो, कारण जिलेटिन ३५-४० अंशांतच सैल होतं. मग त्याला मोठ्या आचेवर उकळायचं कारणच काय?

मला हे कळलं ते एका फजितीतून. खूप वर्षांपूर्वी एका स्पोर्ट्स डेची ८० पीसची ऑर्डर होती, रात्री अकराला मार्शमेलो गॅसवर आणि तेवढ्यात सासूबाईंचा गावाहून फोन, मी एका हाताने ढवळत बोलत राहिले, फार नाही, दोन-तीन मिनिटंच. रंग किंचित पिवळसर झाला, मला वाटलं बटरचा असेल. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी सांगितलं की मुलं दाताने ओढून ओढून दमली आणि एका मुलाचा हलणारा दात त्यात निघून आला. मला फार वाईट वाटलं, पैसे परत केले. मग त्याच आठवड्यात दोन छोटे घाणे केले, सामान अगदी सारखं, एक विरघळल्याबरोबर उतरवला, दुसरा तीन मिनिटं जास्त ठेवला, आणि पातेली आधी आणि नंतर काट्यावर ठेवली. फरक किती, तर जेमतेम दोन चहाचे चमचे पाणी. दोन चमचे पाण्याने लाडू आणि दगड एवढा फरक पडतो, हे मी तेव्हापासून विसरले नाही, आणि तेव्हापासून मार्शमेलो गॅसवर असताना फोन दुसऱ्या खोलीत असतो.

तर करायचं कसं ते सांगते. जाड बुडाचं पातेलं किंवा नॉनस्टिक कढई, गॅस अगदी बारीक, वरणाला फोडणी देताना लागतो त्याच्या निम्मा पण नको. आधी बटर वितळवायचं, पूर्ण पातळ झालं की मार्शमेलो टाकायचे आणि रबराच्या चपट्या चमच्याने खालून वर उचलत राहायचं. आणि इथे महत्त्वाचं, सगळे गोळे दिसेनासे होण्याची वाट बघायची नाही. वाटाण्याएवढ्या दहा-बारा गाठी अजून दिसतायत तेव्हाच गॅस बंद. पातेल्याच्या उष्णतेने बाकीचं आपोआप होतं, ढवळत राहा, एका मिनिटात गुळगुळीत होतं. बरोबर झालेलं मिश्रण पांढरं आणि चकचकीत असतं आणि चमच्यावरून रिबनसारखं पडतं. जास्त झालेलं असेल तर चमचा ओढताना जोर लागतो, तारा सुटतात, आणि कडेला कातडीसारखं सुकायला लागतं. तसं दिसलं तर त्याच क्षणी एक चमचा गरम पाणी घालून हलवा, बऱ्याचदा वाचतं. मी थर्मामीटर ठेवते आणि ६०-६५ च्या वर जाऊ देत नाही पण तुम्हाला घ्यायची काही गरज नाही, डोळ्याने छान कळतं.

मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर बटर आणि मार्शमेलो एकत्र मोठ्या काचेच्या बाउलमध्ये, ३० सेकंद, हलवा, परत २०-३० सेकंद, हलवा. ते फुगून दुप्पट होतात म्हणून बाउल मोठाच हवा. फुगले म्हणजे झाले, अजून एकदा लावू असं करायचं नाही.

आता प्रमाण. केलॉग कंपनीची हल्लीची अमेरिकन रेसिपी म्हणजे ३ टेबलस्पून बटर, साधारण २८० ग्रॅम मार्शमेलो आणि ६ कप राइस क्रिस्पी. १९३९ मध्ये त्याच कंपनीच्या होम इकॉनॉमिक्स विभागातल्या मिल्ड्रेड डे आणि मलिट्टा जेन्सन या दोघींनी हा पदार्थ मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला तयार केला, कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला विकून निधी जमवता यावा म्हणून. म्हणजे विकण्यासाठीच केलेला पदार्थ आहे हा. पण माझ्या अनुभवाने त्या प्रमाणाचे बार ताजे छान लागतात आणि दुसऱ्या दिवशी जरा कोरडे पडतात. मी वापरते ते असं, १५० ग्रॅम क्रिस्पी (तेच साधारण सहा कप), ३५० ग्रॅम मार्शमेलो, ७५ ग्रॅम बटर, एक टेबलस्पून लिक्विड ग्लुकोज, एक चहाचा चमचा पाणी, व्हॅनिला थोडा. ९ बाय १३ इंचाच्या ट्रेमध्ये होतात, मी चार बाय सात कापून २८ तुकडे काढते, तुमची २५ मुलं त्यात बसतात आणि मोठ्यांना चाखायला तीन उरतात. कपाने मोजू नका, वजनाने घ्या, कारण क्रिस्पी कपात दाबून भरलं की ३०-४० ग्रॅम सहज जास्त जातं आणि जास्त क्रिस्पी म्हणजे प्रत्येक दाण्यावर कमी पाक म्हणजे कोरडा बार. हे एवढं सरळ आहे.

३५० मधले ६० ग्रॅम मार्शमेलो मी बाजूला ठेवते, कात्रीने बारीक तुकडे करून, आणि क्रिस्पी मिसळून झालं की सगळ्यात शेवटी घालते. ते अर्धवट विरघळतात आणि बारमध्ये मऊ खिसे राहतात. माझ्याकडून कोणी एकच गोष्ट शिकायची म्हटली तर ही शिकावी. ते तुकडे गॅसवर कधी तापलेच नसतात म्हणून त्यांच्यातलं पाणी त्यांच्यातच असतं, दुसऱ्या दिवशी चावताना आधी तेच लागतात.

लिक्विड ग्लुकोज कशाला, तर पाक साखरू नये म्हणून. आपण घरी पाकात लिंबाचे दोन थेंब टाकतो ना, तेच काम. क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत छोटी डबी मिळते, वर्षभर टिकते. नसेल तर मध चालतो पण चव बदलते. नाही घातलं तरी एक दिवसात काही बिघडणार नाही, तीन दिवस ठेवायचे असतील तर घाला.

बटर साधं मिठाचं पिवळं, त्यातलं मीठ इथे चांगलंच लागतं कारण हा पदार्थ भयंकर गोड आहे. बरेच जण विचारतात साजूक तूप चालेल का. चालतं, पण बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं आणि तुपात जवळजवळ शून्य, म्हणून तूप घेतलंत तर थोडं कमी घ्या आणि दोन चहाचे चमचे पाणी वाढवा. शिवाय थंडीत किंवा एसीत तूप थिजून दाणेदार होतं ते जिभेवर कळतं. ज्यांना ब्राउन बटरची चव आवडते त्यांनाही हेच सांगणं, बटर तांबूस होईपर्यंत कढवलं म्हणजे त्यातलं पाणी तुम्ही उडवलंत, ते परत द्यावं लागतं. चव मात्र खरंच सुंदर येते, तुपाच्या बेरीची आठवण होते.

मार्शमेलो कुठले घ्यायचे यावर खूप बोलता येईल. पाकीट बाहेरून दाबून बघा, दाबलं की परत फुगलं पाहिजे. आतून कडक लागला किंवा एकमेकांना घट्ट चिकटून ढेकूळ झालं असेल तर तो जुना आहे, त्यातलं पाणी आधीच गेलंय. आपल्याकडे बऱ्याच पाकिटांत कॉर्नफ्लॉवरची पावडर भरपूर असते, ती चाळणीत झटकून टाका, कारण ती पाणी पिते आणि मिश्रण घट्ट करते. जॅम भरलेले नकोत. रंगीत चालतात पण सगळे एकत्र विरघळले की मातकट रंग येतो.

आणि व्हेज. हा मुंबईत खरा प्रश्न आहे, २५ मुलांत तीन-चार घरं तरी जिलेटिन न खाणारी निघतात, आणि जैन असतील तर विचारल्याशिवाय देऊच नका. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, त्यामुळे साध्या मार्शमेलोच्या पाकिटावर तपकिरी खूण असते. हिरवा ठिपका असलेले मिळतात, त्यात अगार किंवा कॅराजिनन असतं, दोन्ही समुद्री शैवालातून येतात. पण ते विरघळताना वेगळे वागतात. अगार एकदा सेट झालं की परत पातळ व्हायला ८५ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि खाली येताना ४० च्या आसपास परत पटकन धरतं. म्हणून व्हेज मार्शमेलो बारीक गॅसवर नुसते बसून राहतात आणि माणूस वैतागून गॅस मोठा करतो आणि खाली साखर करपते. त्याला उपाय असा की ३०० ग्रॅमला दोन टेबलस्पून पाणी आधीच घालायचं, झाकण ठेवायचं म्हणजे वाफ आत राहते, मधूनमधून हलवायचं, आणि झालं की अजिबात न थांबता क्रिस्पी घालून पसरवायचं कारण तुमच्याकडे दोनच मिनिटं असतात. पूर्ण गुळगुळीत नाही होत, थोडे कण राहतात, राहू द्या. आणि ते त्याच दिवशी खाऊन संपवायचे, दुसऱ्या दिवशी ते जिलेटिनवाल्यांइतके मऊ मी तरी कधी ठेवू शकले नाही.

क्रिस्पी महाग पडतं म्हणून कुरमुरे घेतले तर? मी करते, मला तर आवडतात. पण कुरमुरे वजनाला हलके आणि पोकळ, पाक लगेच पितात. आधी कोरड्या कढईत मंद आचेवर भाजा, चिवड्याला भाजतो तसे, बोटांत धरून चुरडले की कडकन मोडायला हवेत, आणि पूर्ण गार होऊ द्या. मग अर्धं बटर आधी कुरमुऱ्यांना चोळून घ्या. मार्शमेलोतलं पाणी कोरड्या दाण्याकडे सरकत असतं, दाणा ते पितो, म्हणजे दाणा मऊ पडतो आणि पाक कडक होतो, दोन्हीकडून नुकसान. बटरचा थर मध्ये असला की ते सरकणं मंदावतं. क्रिस्पी वापरतानाही पाकीट आजच फोडलेलं असावं, पावसाळ्यात तर नक्कीच, जुलैत आपल्या हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असते, उघडं पाकीट तासाभरात सादळतं. सादळलेलं क्रिस्पी घालून केलेला बार मऊ असतो पण तो मऊ वेगळा, लगदा लागतो. आपल्याला पाक मऊ आणि दाणा कुरकुरीत असं हवंय.

आता एक चूक जी आपल्याच हाताच्या सवयीने होते. आपण वड्या थापतो. मिश्रण ताटात ओतलं की आपसूक हात वाटीकडे जातो, वाटीच्या बुडाला तूप लावून दाबून दाबून एकसारखं करायचं, नारळाच्या वडीला तेच बरोबर आहे. इथे अजिबात नाही. दाबलं की दाण्यांमधली हवा जाते, दाणे मोडतात आणि बार विटेसारखा होतो, मग पाक कितीही चांगला असला तरी दात लागत नाही. मी बटर पेपरला बटर लावून तो वर ठेवते आणि फक्त बोटांच्या टोकांनी, बाळाच्या पाठीवर थोपटतो तितक्या जोराने, कोपऱ्यांपर्यंत सरकवते. वरून खडबडीत दिसायला हवा. हाताला चिकटतं म्हणून पाण्याचा हात मात्र लावायचा नाही, पाण्याने वरची साखर विरघळून बार चिकचिकीत होतो.

ठेवणं. फ्रिज नको, कुठल्याही ऋतूत नको. फ्रिजमधल्या थंडीने बटर आणि जिलेटिन दोन्ही घट्ट होतात आणि आजकालचे फ्रॉस्ट फ्री फ्रिज आतली हवा सतत कोरडी करत असतात, त्यामुळे झाकण सैल असलेला डबा तिथे ठेवला की पाणी ओढलं जातंच. मुंग्यांची भीती असेल तर परातीत पाणी घालून त्यात डबा ठेवा, आपल्या आया लाडवाचे डबे तसेच ठेवायच्या. डबा घट्ट झाकणाचा, आणि जेवढे बार तेवढाच मोठा, अर्धा रिकामा डबा नको. थरांच्या मध्ये बटर पेपर. आणि शक्यतो आदल्या रात्री कापूच नका, अख्खी लादी वरून खालून पेपरने आणि मग क्लिंग रॅपने गुंडाळून ठेवा, सकाळी सुरीला बटर लावून कापा. कापलेल्या प्रत्येक बाजूतून पाणी जातं, २८ तुकड्यांच्या किती बाजू होतात बघा. असे ठेवले तर दोन दिवस उत्तम, तिसऱ्या दिवशी ठीक, त्यापुढचे मी ग्राहकाला देत नाही. एसी रात्रभर चालू असलेल्या खोलीतही नको, स्वयंपाकघराचा ओटा बरा, गॅसपासून लांब.

आधीच करून ठेवायचे असतील तर फ्रीझर चालतो, फ्रिज नाही. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून, डब्यात, दीड महिना मजेत राहतात. बाहेर काढल्यावर मात्र डबा उघडायची घाई करू नका. मुंबईच्या हवेत थंड वस्तूवर लगेच दव धरतं, डबा बंद असला तर ते डब्यावर धरतं, उघडलात तर बारवर. अर्धा-पाऊण तास डबा तसाच बंद ठेवा, बाहेरून पुसा, मग उघडा.

डब्यात ब्रेडची स्लाइस ठेवा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. काम करते, ब्रेडमध्ये पाणी भरपूर असतं ते बारकडे जातं. पण तीन-चार तासच, बारला चिकटू न देता, आणि पावसाळ्यात नको, बुरशी कधी येईल सांगता येत नाही. वरून चॉकलेटचा पातळ थर दिलात तर त्या बाजूने पाणी फारसं जात नाही, ज्यांना शाळेत डब्यातून न्यायचेत त्यांच्यासाठी मी तेच करते, फक्त मे महिन्यात नाही, ते सगळं हाताला लागतं.

तुमच्या शनिवारसाठी मी असं करीन, शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी म्हणजे कुकरची वाफ नसते, घाणा करायचा, नऊपर्यंत ट्रेमध्येच उघडा गार होऊ द्यायचा, पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळायचा, नाहीतर आत घाम येतो. शनिवारी मुलं यायच्या तासभर आधी कापायचे. दुप्पट हवे असतील तर दोन वेगळे घाणे करा, एकात दुप्पट केलं की विरघळायला वेळ लागतो आणि तळचं शिजत बसतं.

आणि ते फ्रिजमधले दगड झालेले अजून असतील तर टाकू नका. एकेक तुकडा ओलसर टिशूने झाकून मायक्रोवेव्हमध्ये ८ ते १० सेकंद, आणि लगेच खायचा, कारण पाच मिनिटांत तो पहिल्यापेक्षा कडक होतो. सगळे परत वितळवून नवीन बार थापता येतात का असं तुम्ही विचारलंय, तर नाही, क्रिस्पीचा लगदा होतो, मी करून बघितलंय. त्यापेक्षा पोळपाटावर लाटण्याने ठेचून बरणीत भरा, व्हॅनिला आइस्क्रीमवर घालायला छान लागतं, तिथे कडक असलेलंच हवं असतं. शनिवारचे कसे झाले ते कळवा, आणि व्हेज मार्शमेलो घेणार असाल तर पाकिटावर अगार लिहिलंय की कॅराजिनन ते आधी सांगा, म्हणजे पाण्याचं प्रमाण बघून सांगते.